चालत्या गाडीशेजारची खोदाई : बिदर-कलबुर्गी भागातील स्थानकांची कामे आणि जमिनीच्या हालचालींचे मापन

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांना थेट जोडणारा लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्णपणे सुरू झाला. सुमारे ११० किलोमीटरच्या या मार्गाची वाट पाहण्यात आमच्या भागातील एक पिढी म्हातारी झाली. हुमनाबाद, कमलापूरकडचे विद्यार्थी या गाडीने ये-जा करू लागले आणि मरगुत्तीजवळचा दीड किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा त्यांच्या गप्पांचा विषय झाला. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये अमृत भारत स्थानक योजना आली आणि ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या कामांची पायाभरणी एकाच दिवशी झाली. या योजनेच्या कर्नाटकाच्या यादीत बिदर, कलबुर्गी, शहाबाद, वाडी आणि गाणगापूर रोड ही आपल्या परिसरातील नावे आहेत.

स्थानक नवे करायचे म्हणजे काय करायचे, हे फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला साधारण माहीत असते. नवी इमारत, रुंद पादचारी पूल, लिफ्ट, सरकते जिने, फलाटाची उंची वाढवणे, नवे छत. परंतु यातील प्रत्येक गोष्टीला पाया लागतो, पायाला खड्डा लागतो आणि तो खड्डा चालू रुळांपासून काही मीटरांवर खणावा लागतो. गाड्या बंद ठेवून स्थानक बांधण्याची सोय आपल्याकडे नाही. मुंबई-चेन्नई या मुख्य मार्गावरील कलबुर्गीला तर ती कल्पनाही करता येत नाही. म्हणजे एका बाजूला जमीन उकरली जात असते आणि दुसऱ्या बाजूने वाडीकडची सिमेंटची मालगाडी जात असते. अशा वेळी रूळ जागचा हलला नाही, जुन्या इमारतीची भिंत कलली नाही, हे कोण पाहतो आणि कशाने पाहतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे, अभियंता नव्हे. तरीही एका घरगुती प्रसंगामुळे या विषयात शिरावे लागले. तो प्रसंग पुढे येईल.

रूळ किती खचला, यापेक्षा कसा खचला

सामान्य समज असा की रूळ जमिनीत घट्ट रोवलेला असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर आणि खडी मातीच्या भरावावर अशी ही रचना एका अर्थी जमिनीवर टेकलेलीच असते. गाडी गेली की ती किंचित दबते व परत वर येते. खडीचा हेतूच तो आहे. त्यामुळे रूळ थोडा हलणे हा अपघात नव्हे. हालचालीचा प्रकार महत्त्वाचा असतो.

आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांच्या आतील कडांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते. या अंतराइतकीच आणखी तीन मापे पाहिली जातात : रूळ सरळ रेषेत आहे का, लांबीच्या दिशेने त्याला चढउतार आले आहेत का आणि डाव्या-उजव्या रुळाची पातळी सारखी आहे का. यातील शेवटच्या मापातून सर्वांत धोक्याची गोष्ट काढता येते. तिला रेल्वेचे लोक ट्विस्ट म्हणतात, आपण पीळ म्हणू. समजा, एका ठिकाणी उजवा रूळ डाव्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली आहे आणि तिथून ३ मीटर पुढे तो १२ मिलिमीटर खाली आहे. फरक ९ मिलिमीटर, म्हणजे दर मीटरला ३ मिलिमीटर पीळ. डब्याची चाके चार कोपऱ्यांवर असतात. खाटेचा एक पाय खळग्यात गेला की समोरचा पाय उचलला जातो, तसे पिळलेल्या रुळावर एका चाकावरचा भार हलका होतो. हलके झालेले चाक रुळाच्या कडेवर चढू शकते, आणि गाडी घसरते ती बहुधा अशीच.

याचा अर्थ असा की दोन्ही रूळ लांबवर सारखेच १० मिलिमीटर खचले, तर फारसे बिघडत नाही, खडी भरून ते वर घेता येतात. परंतु खड्डा फलाटाकडच्या बाजूला असतो, म्हणून त्या बाजूचा रूळ आधी खचतो, दुसरा नंतर खचतो किंवा खचतच नाही. स्थानकातील खोदाई पीळ निर्माण करायला फार सोयीची असते, असे म्हटले तरी चालेल.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. आताचे रूळ एकमेकांना वितळजोड देऊन लांबलचक सलग केलेले असतात. उन्हाने रूळ तापला की त्याला वाढायचे असते, पण वाढायला जागा नसते. तो दाब रुळातच साठतो. ६० किलो वजनी रुळाचा हिशेब मांडला, तर तापमान एका अंशाने वाढले की रुळात सुमारे १.९ टन दाब वाढतो. ज्या तापमानाला रूळ बसवला त्याच्या ३० अंश वर तो गेला, तर एकेका रुळात ५० टनांहून अधिक दाब भरलेला असतो. कलबुर्गीच्या मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते, रूळ त्याहून कितीतरी अधिक तापतो. हा दाब बाजूला उसळू नये म्हणून त्याला धरून ठेवते ती स्लीपरच्या टोकाशी रचलेली खडी. खड्डा खणताना ठेकेदाराच्या माणसाने अडचण होते म्हणून नेमकी तीच खडी फावड्याने बाजूला सारली, तर भरदुपारी रूळ सापासारखा वाकडा होऊ शकतो. इथे जमीन एक मिलिमीटरही खचलेली नसते. म्हणून मोजमापाच्या तक्त्यात रुळाच्या तापमानाचा रकाना नसेल, तर तो तक्ता अर्धाच समजावा.

काळी माती आणि तांबडा दगड

आपल्या दोन जिल्ह्यांची जमीन एकमेकींच्या उलट स्वभावाची आहे. कलबुर्गीकडे काळी माती, खाली भीमेच्या खोऱ्यातील चुनखडक, ज्याला सारा महाराष्ट्र शहाबादी फरशी म्हणून ओळखतो. बिदरच्या पठारावर तांबडा जांभा आणि त्याखाली काळा बेसॉल्ट.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की त्या मिटतात, हे आळंद किंवा भालकीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र हीच माती इमारतीखाली असते तेव्हा हेच घडते आणि इमारत वर्षातून एकदा किंचित उचलली जाते व एकदा बसते. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीचा अनेक वर्षे अभ्यास करून असा उपाय सांगितला की तिच्यावर सुमारे एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून बसवावा, म्हणजे खालची माती फुगण्याचे बळ बरेच आवरले जाते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले छोटे खांब विकसित केले, ते याच मातीसाठी. मातीचा वरचा, हंगामानुसार हलणारा थर ओलांडून खालच्या स्थिर थरात ते रुतवले जातात.

हालचाल मोजणाऱ्याच्या दृष्टीने यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. काम जानेवारीत सुरू झाले आणि जूनपर्यंत भिंतीला तडा गेला, तर तो खोदाईने गेला की उन्हाळ्याने? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर काम सुरू होण्यापूर्वीची मोजमापे हातात असली पाहिजेत, आणि तीही एका दिवसाची नव्हे. काळ्या मातीत निदान एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिलेला असावा, असे माझे मत झाले आहे. निविदेच्या मुदतीत हे बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

बिदरची गोष्ट निराळी. जांभा फुगत नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, म्हणूनच बहमनींचा किल्ला त्यातून कोरता आला. पण जांभ्यात पोकळ्या असतात, आणि बिदरमध्ये तर माणसाने केलेल्या पोकळ्याही आहेत. जांभा आणि बेसॉल्ट यांच्या सांध्यावरून वाहणारे पाणी शहराकडे आणण्यासाठी बहमनी काळात इराणी पद्धतीचे करेझ, म्हणजे भुयारी कालवे, खोदले गेले. नौबादच्या करेझचे हवा-उजेडासाठी सोडलेले विहिरीसारखे उभे झरोके आजही दिसतात. नकाशावर जे सापडले ते आपल्याला कळले, जे बुजले ते अजून जमिनीखाली आहे. अशा शहरात खोल खोदाई किंवा बोअर करताना जमीन हळूहळू खचत नाही. ती बराच काळ काहीच सांगत नाही आणि मग एकदम बसते. त्यामुळे इथे पृष्ठभागावरील मोजमापाइतकेच आधी जमिनीच्या पोटात डोकावणे आवश्यक ठरते.

मोजतात कसे

सर्वांत आधी ठरवावा लागतो न हलणारा बिंदू. खड्ड्याचा परिणाम साधारणपणे त्याच्या खोलीच्या दोन-तीनपट अंतरापर्यंत जाणवतो असे धरतात. संदर्भबिंदू त्याच्या बाहेर हवा. कलबुर्गीत तो काळ्या मातीवर नुसता रोवून चालणार नाही. माती ओलांडून थेट खडकात गाठला पाहिजे. अन्यथा मोजणारा आणि मोजले जाणारे दोघेही एकाच वेळी हलतील आणि तक्त्यात सारे आलबेल दिसेल.

मग रुळांवर, फलाटाच्या कडेवर, जुन्या इमारतीच्या कोपऱ्यांवर छोटे काचेचे लोलक बसवतात. दूरवर पक्क्या खांबावर बसवलेले टोटल स्टेशन नावाचे यंत्र ठरावीक वेळाने प्रत्येक लोलकाकडे वळते, त्याच्यावर किरण सोडते, कोन व अंतर मोजते आणि नोंद करते. कोनातील एका विकलेची चूक १०० मीटर अंतरावर अर्ध्या मिलिमीटरएवढी होते, यावरून त्याच्या बारकाव्याची कल्पना यावी. मात्र दुपारी तापलेल्या फलाटावरची हवा थरथरते आणि किरणही थरथरतो. आपल्या भागात रात्रीची व पहाटेची मोजमापे अधिक विश्वासार्ह मानावीत, ते यामुळेच. शिवाय गाड्यांची धूळ लोलकावर बसते, म्हणून यंत्र कितीही स्वयंचलित असले तरी फडके घेऊन जाणारा माणूस लागतोच.

भिंत कलते आहे का, हे कलमापक सांगतो. खड्ड्याच्या बाजूची माती आत सरकते आहे का, हे जमिनीत उभ्या सोडलेल्या नळीतून उपकरण खाली-वर फिरवून कळते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पाणी उपसले, तर आजूबाजूची पातळी किती उतरली, हे पाहण्यासाठी वेगळी विंधणे असतात. खांब ठोकताना बसणाऱ्या धक्क्याचे माप जमिनीच्या कणांच्या वेगात घेतात. जर्मन मानकात नाजूक जुन्या वास्तूंसाठी मंद कंपनांच्या बाबतीत पायाशी सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा सुचवलेली आहे. बिदरच्या महमूद गावान मदरशासारखी, सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने एकदा अर्धी कोसळलेली वास्तू ज्या शहरात उभी आहे, तेथे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

इमारतीच्या बाबतीतही रुळाचाच नियम लागू होतो. सगळी इमारत सारखी बसली, तर तिला फारसे काही होत नाही. दोन खांबांमधला फरक तिला तोडतो. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ मध्ये अनेक इमारती तपासून असे दाखवले की हा फरक खांबांमधील अंतराच्या एक-तीनशेअंश झाला की भिंतींना तडे जाऊ लागतात, आणि एक-दीडशेअंश झाला की मूळ सांगाडाच धोक्यात येतो. खांब ६ मीटरवर असतील, तर पहिली मर्यादा २० मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. गवंडी ज्याला मराठीत ओळंबा म्हणतो, तो उर्दूत साहूल होतो. पातळी पाहण्याच्या साधनाला मराठीत पाणसळ म्हणतात, आणि तो शब्दच सांगतो की पाणी आपली पातळी खोटी सांगत नाही. दगडांच्या सांध्याला मराठी गवंडी दरज म्हणतो, तो फारसीचा दर्ज़, शिवण या अर्थाचा. इमारत अरबी, तडा आपला. चांगल्या कामगाराकडे या तिन्ही भाषांतले शब्द एकत्र नांदतात. शिक्षित माणसाला मात्र तडा, भेग, चीर आणि दरज यांतला फरक सांगता येत नाही, आणि तक्रारीच्या अर्जात तो सगळ्यालाच 'क्रॅक' लिहून मोकळा होतो.

आकडे असूनही

मोजमाप झाले म्हणजे सुरक्षितता आली, असे नाही. सिंगापूरच्या सर्कल लाइनच्या कामात २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतचा खोल खड्डा कोसळला आणि चार जण मरण पावले. तेथे उपकरणे होती. भिंत अपेक्षेपेक्षा अधिक आत झुकत असल्याचे आकडे येत होते. मर्यादा ओलांडली गेली तेव्हा गणित पुन्हा मांडून मर्यादाच वाढवून घेतली गेली, आणि काम चालू राहिले. चौकशी समितीने आराखड्यातील चुकांबरोबर या वागण्यावरही बोट ठेवले.

उलट उदाहरण जर्मनीतले. १२ ऑगस्ट २०१७ रोजी रास्टाट येथे चालू लोहमार्गाखालून बोगदा नेताना वरचे रूळ खचले. वाहतूक तात्काळ थांबवण्यात आली आणि कोणालाही इजा झाली नाही. पण बोगदा खणणारे यंत्र काँक्रीट ओतून तेथेच गाडावे लागले आणि युरोपातील मालवाहतुकीचा तो प्रमुख मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. थांबण्याची किंमत एवढी मोठी असते, हेही समजून घेतले पाहिजे. ती किंमत डोळ्यांसमोर असते म्हणूनच मर्यादा वाढवून घेण्याचा मोह होतो.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिचे बोगदे फोर्टमधील शतकभर जुन्या इमारतींशेजारून गेले. २०१७ मध्ये तेथील जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या वरच्या दगडी सजावटीचा तुकडा निखळला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तेथील काम काही काळ रोखले गेले. त्या ग्रंथालयाच्या बाजूने बोलणारे जाणकार लोक होते, कागदपत्रे होती. गाणगापूर रोडच्या फलाटामागील चहावाल्याच्या भिंतीच्या बाजूने कोण बोलणार, हा प्रश्न तेथे मनात येतो.

म्हणून मर्यादा आधीच, काम सुरू होण्यापूर्वी, लेखी ठरवायच्या असतात. साधारण पद्धत तीन पायऱ्यांची असते. पहिली पायरी ओलांडली की मोजमाप अधिक वेळा घ्यायचे व कारण शोधायचे. दुसरी ओलांडली की कामाची पद्धत बदलायची आणि गाड्यांना सावधानतेचा आदेश देऊन वेग कमी करायचा. तिसरी ओलांडली की काम बंद आणि त्या रुळावरची गाडीही बंद. कागदावर हे सोपे आहे. रात्री अडीच वाजता संगणकावर तिसऱ्या पायरीचा इशारा उमटला, तर तो कोणाच्या मोबाईलवर जातो, तो माणूस स्टेशन मास्तरला ओळखतो का, आणि स्टेशन मास्तर कोणाच्या शब्दावर सिग्नल लाल करतो, ही साखळी कामाआधी एकदा तरी प्रत्यक्ष चालवून पाहिली पाहिजे. माझ्या मते सगळ्या यंत्रांपेक्षा ही साखळी अधिक नाजूक आहे. शिवाय रुळावरून रोज पायी फिरणारा की-मॅन आहेच. खडी सैल झाली, स्लीपरचा आवाज बदलला, हे त्याला यंत्राआधी कळू शकते, पण त्याचे निरीक्षण त्या संगणकात भरण्याची जागा असावी लागते.

मामूंची भिंत

आता तो घरगुती प्रसंग. कलबुर्गीत माझ्या मामूंचे जुने घर आहे. काही वर्षांपूर्वी त्या गल्लीशेजारी एक खोल नाला खोदला गेला. काम कोणाचे होते, हे येथे महत्त्वाचे नाही. खोदाई सुरू असतानाच दिवाणखान्याच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली. आम्ही अर्ज केला. पाहणीसाठी आलेल्या साहेबांनी शांतपणे विचारले, "ही आधी नव्हती, याला पुरावा काय?" मामू म्हणाले, "अहो, मी या घरात साठ वर्षे राहतो!" साहेबांनी ते लिहून घेतले नाही.

पुरावा शोधता शोधता मामेबहिणीच्या निकाहाचा अल्बम निघाला. एका छायाचित्रात पाहुण्यांच्या मागे तीच भिंत होती. भिंग लावून पाहिले, तर दाराच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली. म्हणजे भेग आधीपासून होती. बहुधा १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून, असे मुमानी म्हणाल्या, कारण त्या पहाटे सगळे अंगणात धावले होते. आता त्याच भेगेत पेन्सिल जात होती. साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते, आमचेही खोटे नव्हते. मधल्या काळात भेग कधी व किती वाढली, हे सांगणारी एकही नोंद मात्र कोणाकडे नव्हती. भरपाईचा अर्ज तेथेच संपला.

त्यानंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या सिमेंटने बसवल्या, वर, मध्ये आणि खाली. "काच फुटी तो मेरेकु बुलाना," एवढेच तो म्हणाला. मी प्रत्येक पट्टीशेजारी तारीख लिहिली आणि भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलने खुणा करून त्यांमधले अंतर वहीत टिपले. नाला तोवर बुजवून झाला होता. तरी पुढच्या मे महिन्यात मधली काच फुटली. शेजारी कसलेही काम नव्हते. भेग दोन मिलिमीटर रुंदावली होती, आणि ऑगस्टमध्ये मोजली तेव्हा ती दीड मिलिमीटरने मिटली होती. उरलेला अर्धा मिलिमीटर परत आला नाही.

तेव्हापासून वर्षातून चार वेळा ती खूण मोजतो. सध्या वरची आणि खालची काच शाबूत आहे, मधल्या जागी नवी बसवली आहे. स्थानकाजवळ राहणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या घरांच्या भिंतींची छायाचित्रे पट्टी शेजारी धरून काढून ठेवली आहेत, तारखेसह, आणि एक प्रत शेजारच्या घरी दिली आहे.